सातची बॅच

"फाइव्ह, सिक्स, सेव्हन..." आणि 'एट' म्हणायला गिरी मास्टरने तोंड उघडलं, तेवढ्यात अनसूयम्माने हसत मान झटकली. तिच्या हनुवटीवरचा घामाचा थेंब उडाला आणि थेट त्याच्या तोंडात गेला. ओठावर नाही, गालावर नाही, सरळ जिभेवर. तिचा वाकडा कोपर सरळ करायला तो तिच्या अगदी पुढ्यात उभा होता. तिला काही कळलंसुद्धा नाही. गाणं चालू होतं, तीस बायकांचे पाय रबरी जमिनीवर धपाधप आपटत होते, एसीतून पाणी ठिबकत होतं. थुंकायला जागा नव्हती, कारण समोर भिंतभर आरसा होता आणि आरशात तीस जणी त्याच्याकडे बघत होत्या. म्हणून त्याने गिळलं आणि 'एट' म्हटलं. नंतर हात वर करून ओरडला, "चला, आता उलट्या बाजूने!" पण जीभ टाळ्याला लागू नये म्हणून ती त्याने तोंडात अधांतरी धरून ठेवली होती, त्यामुळे शब्द बोबडे आले. पुढच्या रांगेतली स्वरूपा हसली. म्हणाली, "मास्टर, सकाळी सकाळी पान खाल्लंत की काय?"

खारट तर होताच. पण नुसता खारट असता तर त्याने सोडून दिलं असतं. त्यात खोबरेल तेल होतं, हळदीसारखं काहीतरी होतं, आणि या सगळ्याच्या खाली एक आंबूस, जुनी, घरगुती चव होती. झाकून ठेवलेल्या ताकाची असते तशी. बॅच संपल्यावर तो मागच्या मोरीत गेला आणि चूळ भरत राहिला. मोरीच्या जाळीवर लांब केसांचा गुंता अडकला होता. त्याने डोळे मिटले, तर चव वाढली. त्याने साबणाचं बोट ओठांवरून फिरवलं, मग जिभेवरून. उमासा आला पण काही पडलं नाही. घरी बायकोने, जमुनाने इडली वाढली, त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ओठाला काय लागलं? सालपट निघालंय." तो म्हणाला, "काही नाही, ऊन." तिने त्याच्या ओठाला बोट लावलं. तिच्या बोटाला चटणीचा वास होता. तो झटक्याने मागे सरकला, आणि ती ताट उचलून आत गेली.

तसं पाहिलं तर घामाची त्याला सवय असायला हवी होती. रामंतापूरच्या या जिममध्ये यायच्या आधी नऊ वर्षं तो सिनेमात नाचत होता. हीरोच्या मागे चाळीस पोरं एकसारख्या रंगीत शर्टांत उड्या मारतात, त्यांतला एक. दुसऱ्या रांगेत, डावीकडून पाचवा. ते शर्ट गोणपाटाच्या गाठोड्यातून यायचे. सकाळच्या गटाने घालून नाचलेले, टिकल्या लावलेले, चिंब. धुवायला वेळ कुठला? पहिल्या दिवशी त्याने शर्ट हातात घेतला तर तो कोमट होता. कोणाच्या तरी अंगाची ऊब अजून त्यात होती. तो घुटमळला, तसा कपडेवाला म्हणाला, "ओला आहे तर काय झालं? तूही ओलाच करणार आहेस." त्याने घातला. काखेत दुसऱ्याचा घाम गार होत होत त्याच्या घामात मिसळला. आठवड्याभराने काखेत गळू झालं, फुटलं, बरं झालं, आणि मग कधीच काही झालं नाही. माणूस कशालाही सरावतो असं त्याला तेव्हा वाटलं होतं, आणि त्याचा थोडा अभिमानही वाटला होता. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी, एका म्हाताऱ्या बाईच्या एका थेंबाने ते सगळे शर्ट पुन्हा अंगावर चढले होते, एकावर एक, नऊ वर्षांचे.

दुसऱ्या दिवसापासून त्याला सगळं दिसायला लागलं. जिमच्या आरशावर बायका नाचायच्या आधी कपाळाच्या टिकल्या काढून चिकटवत. त्या ओळीने चिकटलेल्या टिकल्यांच्या कडेला मेणासारखा मळ होता. चटयांवर टाचांचे ओले ठसे उठत आणि त्यांवर दुसरीची टाच पडे. कुणाच्या तरी अंगठ्यावरची पट्टी सुटून कोपऱ्यात पडली होती, आतली बाजू वर. पंख्याखाली उभं राहिलं की तीस जणींची हवा खाली ढकलली जाई आणि ती तो नाकाने आत घेई, छातीत भरी, आणि तीच हवा "शाबास! अजून एकदा!" म्हणून बाहेर सोडी. या बायका त्याला आवडत होत्या, हेही खरं. त्या घरून चिडलेल्या येत आणि हसत जात. त्यांना कंबर हलवताना लाज वाटू नये म्हणून त्याने स्टेपना नावं दिली होती, 'विहिरीचं पाणी ओढा', 'सासूला नमस्कार', 'बस चुकली'. 'बस चुकली' हे नाव अनसूयम्मानेच दिलेलं.

अनसूयम्मा एकसष्ट वर्षांची होती. बावीस वर्षं तिने सिटी बसमध्ये कंडक्टरची नोकरी केली होती. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, मुलगी ऑस्ट्रेलियात. नाचताना तिचे पाय कायम फाकलेले असायचे, गुडघे किंचित वाकलेले, जणू खालची जमीन कधीही ब्रेक मारेल. बाकीच्या डावीकडे वळल्या की ही उजवीकडे वळे आणि समोरासमोर आलेल्या बाईला म्हणे, "पुढे सरका, पुढे सरका, पुढे सगळी बस रिकामी आहे!" सगळी रांग हसे. स्टेप चुकली की ती स्वतःच शिट्टी मारी. आणि तिला घाम येई. इतरांना येई तसा नाही. डोक्यातून, कानामागून, कोपरांवरून धार लागे. ती तळहाताने तो निपटून जमिनीवर झटके आणि म्हणे, "इंजिन जुनं आहे मास्टर, पाणी जास्त लागतं." ज्या हाताने झटकला त्याच हाताने ती त्याची पाठ थोपटी. गेलं वर्षभर थोपटत होती. आत्ता कुठे त्याला त्या हाताचा ओला छाप शर्टावर जाणवू लागला होता. बॅच संपेपर्यंत वाळत नसे.

शुक्रवारी तो मालकाकडे गेला तो खरं तर एसीबद्दल बोलायला. प्रणीत तिशीच्या आतला, बाहीतून दंड फुटून बाहेर आल्यासारखा पोरगा. वजनाच्या मशिनी त्याच्या जिवाभावाच्या, नाच वगैरे बायकांसाठी म्हणून ठेवलेला. गिरी म्हणाला, "एसी गळतोय, हवा कोंदते." प्रणीत मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "उन्हाळाभर असंच चालवा मास्टर." मग गिरीच्या तोंडून ते निघालं. आधी ठरवलेलं नव्हतं. "हवा कोंदते म्हणजे... ती अनसूयम्मा आहे ना. वास येतो. सगळ्या म्हणतायत." शेवटचे दोन शब्द त्याने आपल्या कानांनी ऐकले आणि त्याला जरा गंमतच वाटली, ते इतक्या सहज आले होते. प्रणीतने आता वर पाहिलं. "सगळ्या?" "बऱ्याच जणी." "मग सांगतो मी तिला. तुमचं नाव येणार नाही." गिरीने मान डोलावली. जिना उतरताना त्याला हलकं वाटलं. पहिल्या मजल्यावर गाद्यांचं दुकान होतं. तिथल्या कोऱ्या कापसाचा, प्लास्टिकचा स्वच्छ वास त्याने दोनदा ओढून घेतला.

प्रणीतने शनिवारी बॅचच्या आधी ते कसं सांगितलं हे त्याने काचेपलीकडून पाहिलं. अनसूयम्मा खुर्चीवर बसली नव्हती, उभीच होती, पाय फाकवून. प्रणीत हसत हसत बोलत होता. तिने एकदा काहीतरी विचारलं. प्रणीतने हात हलवले, म्हणजे नाव कशाला आंटी, तसं. मग तिने मान खाली घालून आपल्या खांद्याजवळ नाक नेलं, इतक्या झटपट की दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नसतं. गिरीच्या आलं. ती बाहेर आली, आरशावरची आपली मोठी कुंकवासारखी टिकली तिने नखाने सोडवून कपाळावर लावली, टॉवेल घेतला. दारात तिला गिरी दिसला. "येते मास्टर," ती म्हणाली, "मला अकराच्या बॅचला यायला सांगितलंय." अकराला बॅच नव्हती. तिलाही माहीत होतं.

त्या दिवशी शिकवताना त्याला एक जुनी गोष्ट आठवली, जी तो मित्रांत विनोद म्हणून सांगत असे. समुद्रकाठचं गाणं होतं. सातव्यांदा तोच तुकडा नाचून झाल्यावर नायिकेने नाकाला रुमाल लावला आणि डान्स मास्टरच्या कानात काहीतरी सांगितलं. मास्टर भोंग्यातून ओरडले, "पोरांनो, दोन पावलं मागे!" चाळीस जण दोन पावलं मागे सरकले. "अजून दोन!" अजून दोन. पाय पाण्यात गेले. सगळे हसत होते, तोही हसत होता; शेजारचा म्हणाला, अजून थोडं मागे गेलो तर समुद्राचा दुसरा काठ लागेल. या विनोदावर लोक नेहमी हसत. आत्ता, स्वतःच्याच तोंडून "दोन पावलं मागे, दोन पुढे" ऐकताना त्याला त्या पाण्याचा गारवा पोटऱ्यांना लागला, आणि कळलं, त्या दिवशी सगळ्यात जोरात तोच हसला होता. म्हणजे हसू आलं नव्हतं. ते त्याने काढलं होतं, घशात बोट घालून ओकारी काढावी तसं.

सोमवारी बॅच सुरू व्हायच्या आधीच स्वरूपा मधोमध येऊन उभी राहिली. ती कॉलेजात शिकवायची, एरवी शांत. "कोणी तक्रार केली?" तिने विचारलं. "अम्माने मला फोन केला होता. म्हणाली, तोंडावर सांगायचं होतंस, स्वरूपा. मी! मी पंख्याखाली जागा बदलली ना गेल्या आठवड्यात, म्हणून तिला वाटतंय मीच." स्वरूपाचा आवाज चिरकायला लागला. "मी अठरा वर्षांची असताना तिच्या बसने कॉलेजला जायचे. एक माणूस रोज मागे उभा राहायचा. मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तिने एक दिवस शिट्टी मारून भर पुलावर बस थांबवली आणि त्याची कॉलर धरून त्याला खाली ढकललं. वर मला म्हणाली, पोरी, उद्यापासून माझ्याजवळ उभं राहायचं. तीन वर्षं मी तिच्या काखेत उभी राहून गेले आहे. मला तिचा वास येईल?" मग तिने एकेकीकडे बघून विचारलं, "तू बोललीस? तू?" सगळ्यांनी माना हलवल्या. शेवटी ती त्याच्याकडे वळली. "मास्टर, तुम्हाला तरी माहीत असेल." "नाही," गिरी म्हणाला. "मालकाने मला काही सांगितलं नाही." आणि त्याने गाणं लावलं.

पण नाच बसेना. जिने तक्रार केली ती आपल्यातलीच कोणीतरी आहे, असं प्रत्येकीला वाटत होतं, आणि आज अनसूयम्मा तर उद्या आपण, हेही. हात वर करायची स्टेप आली की बायका कोपर अंगाला चिकटवून नुसते पंजे वर करू लागल्या. दोघींमध्ये एका माणसाची जागा सुटू लागली. मंगळवारी एक जण अत्तर लावून आली, गुरुवारपर्यंत सगळ्या. कोणी गुलाब, कोणी मोगरा, कोणी नवऱ्याच्या डब्यातला फवारा. घाम आला की ते सगळं त्यात विरघळून वर येई, गोड, तेलकट, सडलेल्या फुलांच्या पाण्यासारखं. गिरीला आता खरोखरच मळमळू लागलं. प्रणीतने भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावला, 'कृपया वैयक्तिक स्वच्छता पाळा', त्याने उरलेल्याही बिथरल्या. आठवड्याच्या शेवटी सतरा जणी उरल्या. त्या वेळेवर येत, न बोलता नाचत आणि टिकल्या आरशावर न लावता पर्समध्ये ठेवत. तो मोजत राही आणि त्याला वाटे, आपल्याला हेच तर हवं होतं. कोणाचाही हात आपल्या पाठीवर नाही. आणि मग त्याला त्या सतराजणींची किळस येई, मग त्यांना असं आक्रसून टाकणाऱ्याची, आणि तो माणूस आरशात सगळ्यात पुढे उभा असे, हसत, कोरड्या शर्टात.

शनिवारी स्वरूपा मागे थांबली. "ती माझा फोन उचलत नाही," ती म्हणाली. "घरी गेले तर दार उघडून म्हणाली, मी कामात आहे. मास्टर, तुम्ही जा ना. तुमचं ती ऐकेल. सांगा, स्वरूपा नाही बोलली. तुम्हाला खात्री आहे ना, मी नाही ते?" "खात्री आहे," तो म्हणाला. आयुष्यात इतक्या खात्रीने तो कधी काही बोलला नव्हता. "मग जाल?" तिने त्याच्याकडे अशा भरवशाने पाहिलं की त्याला तिच्या डोळ्यांत बघवेना. नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं.

तो रविवारी सकाळी गेला. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. दार सताड उघडं होतं आणि आतून मोहरीच्या पुडीचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. अनसूयम्मा जमिनीवर बसली होती, पुढ्यात मोठी परात, परातीत कैरीच्या फोडी, लाल तिखट, मोहरी, तिळाचं तेल. दोन्ही हात कोपरापर्यंत लालभडक. वरच्या मजल्यावरची एक बाई शेजारी बसून बरण्या पुसत होती. "मास्टर!" अनसूयम्मा म्हणाली. हसली नाही, पण रागावलीही नाही. "बस तिकडे. आवकायचं लोणचं मध्येच सोडता येत नाही, हात काढला तर बिघडतं." तो भिंतीला टेकून बसला. ती कालवत राहिली, बोटांतून तेल चपचप वाजत होतं, कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्याला जमत होता आणि ती तो दंडाने पुसत होती. एखादा थेंब परातीत पडतही असेल. त्याने मान वळवली.

"स्वरूपाने पाठवलं ना?" तिने विचारलं. "हो." "काय म्हणते?" "म्हणते, तिने तक्रार नाही केली." "मग मालकाने काय स्वप्न पाहिलं? मुलीसारखी पोर ती. मी बसमध्ये रोज हजार लोकांच्या अंगाला अंग लावून उभी राहिले आहे, मास्टर. लोकांनी थुंकलंय, शिव्या दिल्यात, मला काही वाटलं नाही. पण हिने..." तिने फोडी भरभर बरण्यांत भरल्या. मग रिकाम्या परातीत, जिथे लाल तेल आणि मसाला चिकटून राहिला होता, तिथे तिने वाफाळता भात ओतला आणि तो चहूबाजूंनी फिरवून कालवायला घेतला. हे सगळ्या घरांत होतं, त्याच्या आईनेही केलेलं. लोणचं भरून झालं की परातीतला भात, आणि घरात असेल त्याच्या हातावर एकेक गोळा. तिने मुठीत दाबून पहिला गोळा केला. बोटांच्या फटींतून तेल आलं. "हात पुढे कर," ती म्हणाली. "घरी आलायस, उपाशी जाऊ नकोस."

त्याने हात पुढे केला नाही. गोळ्यावर तिच्या चार बोटांचे ठसे उमटले होते. त्याच्या घशाशी पाणी आलं, वाईट, कडू. पटकन खावं, स्वरूपाचा निरोप पुन्हा सांगावा आणि निघून जावं, एवढंच करायचं होतं. "मी सांगितलं मालकाला," तो म्हणाला. "स्वरूपा नाही. कोणीच नाही. सगळ्या म्हणतायत असं मी म्हणालो, पण कोणी म्हणत नव्हतं. मीच."

वरच्या मजल्यावरच्या बाईचा हात बरणीवर थांबला. अनसूयम्माचा हात तसाच पुढे होता, गोळा घेऊन.

"येतो वास?" तिने विचारलं.

"येतो."

"कसला?"

त्याला वाटलं ती टोमणा मारते आहे. पण ती खरंच विचारत होती, डॉक्टरला विचारावं तसं. "दहा वर्षं या घरात मला सांगायला कोणी नाही," ती म्हणाली. "सांग. कसला?"

तो सांगू लागला. खोबरेल तेल. हळद. मग ताक, झाकून ठेवलेलं. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की यातला एकेक वास वेगळा काढला तर त्यात ओकारी येण्यासारखं काही नाही. पण थांबता येईना, आणि ती ऐकत होती, मान थोडी कलती करून, एकही शब्द न सोडता. "बस एवढंच?" तिने विचारलं. "एवढंच." "मला वाटलं काय की." तिने दुसऱ्या हाताने परात जवळ ओढली. "हे तू मला सांगितलं असतंस तर मी दोनदा आंघोळ करून आले असते. तू त्या पोराला सांगितलंस. आणि आठ दिवस मी त्या पोरीला माझ्या दारात उभं केलं नाही."

"चुकलं, अम्मा."

"चुकलंच. आता इथून सरळ स्वरूपाकडे जायचं आणि हेच सांगायचं. मला सांगितलंस तसंच, ताकासकट."

"सांगतो." आणि स्वरूपाचा चेहरा त्याला दिसला, आणि सातची बॅच, सतराही न उरलेली. "तुम्ही याल परत?"

"येईन. सोमवारीच येईन. पहिल्या रांगेत, तुझ्या नाकासमोर उभी राहीन. तू असशील तर."

त्याने मान डोलावली. तो गोळा अजून तिच्या मुठीत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग गोळ्याकडे, आणि हात वळवून तो स्वतःच्या तोंडात घातला. सावकाश चावला. तिखटाने तिचे डोळे भरले, तिने नाक ओढलं. दुसरा गोळा केला आणि वरच्या मजल्यावरच्या बाईच्या हातावर ठेवला. "मीठ बरोबर?" "फर्स्ट क्लास," ती बाई भरल्या तोंडाने म्हणाली. गिरी उठून दाराशी गेला, चपलांत पाय सरकवू लागला. मागे परात खरवडल्याचा आवाज येत होता. कैरीचा, गरम भाताचा, तेलाचा वास उंबऱ्यापर्यंत आला होता, आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. या वेळी ते कडू नव्हतं. सकाळपासून आपण काही खाल्लं नाही हे त्याला आठवलं. तो चपलेचा पट्टा पुन्हा पुन्हा नीट करत तिथेच घुटमळला. आत तिसरा गोळा झाला होता. तिने त्याला हाक मारली नाही.